पाच शिखरं, एक नवस

आमच्या ऑफिसात प्रेमराज नावाचा माणूस आहे. तो माझ्या समोरच्याच टेबलावर बसतो, माझ्याच वयाचा आहे आणि त्याला पोट नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सहन करणं मला जड जातं. एका दुपारी त्याने ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं की भुसावळच्या एका ट्रेकिंग मंडळाने चॅलेंज ठेवलंय. सातपुड्यातली पाच शिखरं एका दिवसात चढायची, सूर्य उगवताना निघायचं आणि मावळायच्या आत पाचवं गाठायचं. खाली विचारलं होतं, कोण कोण येतंय. मी अंगठ्याचं चित्र टाकलं. माझ्या लेखी त्या अंगठ्याचा अर्थ ‘छान, जाऊन या’ असा होता. प्रेमराजच्या लेखी ‘मी येतो’ असा. चहा येईपर्यंत माझं नाव नोंदवूनही झालं आणि साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले, “निंबाभाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” (हे वाक्य साहेबांनी मला पुष्कळदा ऐकवलंय, पण कौतुकाने पहिल्यांदाच.) नाही म्हणायची वेळ तिथेच टळली.

ज्योतीला, म्हणजे बायकोला, एवढ्यात सांगायचं नाही असं मी ठरवलं. मागे मी योगासनांचा क्लास लावला होता तेव्हा मान अशी अवघडली की पुढे कितीतरी दिवस मला डावीकडचं जग तीच वर्णन करून सांगायची. या वेळी आधी तब्येत कमवायची आणि मगच तोंड उघडायचं, असा बेत होता.

तयारीला डोंगर हवा, आणि जळगाव पोळपाटासारखं सपाट. शेवटी रेल्वेवरचा पूल धरला. रोज सकाळी दूध आणायच्या निमित्ताने निघायचं, पाठीवरच्या सॅकमध्ये वजन म्हणून घरातली दादर ज्वारी भरायची आणि पुलाच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. एका भल्या गृहस्थाने थांबून, कुठली गाडी चुकली, अशी आपुलकीने चौकशी केली. मी म्हटलं, सगळ्याच. मग शेवभाजी सोडली. खानदेशात माणूस शेवभाजीला नको म्हणतो तेव्हा घरचे त्याच्या कपाळाला हात लावून बघतात, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. मंडळाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत होतं, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी कार्डिओग्राम काढला आणि हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं. (बाकीच्या अवयवांबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही.)

आता आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मंजुळाबाई राहतात. त्यांनी मला पुलाच्या पायरीवर छातीला हात लावून धापा टाकत बसलेलं पाहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मिस्टरांना दाखवायला गेल्या तर हृदयाच्या डॉक्टरांच्या केबिनमधून मी बाहेर पडत होतो. दोन्ही बातम्या त्यांनी ज्योतीला एकदम दिल्या. हे मला फार नंतर कळलं.

मला दिसलं ते एवढंच, की घरात वातावरण बदललं. ज्योती माझ्यावर ओरडेनाशी झाली. टीव्हीचा रिमोट माझ्या उशाशी येऊन पडू लागला. ओला टॉवेल मी पलंगावर टाकला तर ती तो उचलून नुसती माझ्याकडे बघायची. एके दिवशी जेवताना तिने अगदी सहज विचारलं की विम्याचे कागद कुठल्या कपाटात असतात. मीही सहज सांगितलं आणि आणखी थोडं वरण मागितलं. व्यायामाने माणसाचं व्यक्तिमत्त्व खुलतं असं प्रेमराज म्हणायचा, ते मला पटायला लागलं.

चॅलेंज जवळ आलं तसा खऱ्या डोंगरावर सराव करणं भाग होतं. माझी सासुरवाडी शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी आहे. गावामागे देवीचा डोंगर. मी ज्योतीला म्हटलं, या रविवारी तुझ्या माहेरी जाऊ या, मला अक्कांना भेटावंसं वाटतंय. (अक्का म्हणजे सासूबाई, इंदिराबाई. त्यांना भेटावंसं वाटल्याचं मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोललो होतो.) ज्योती पदराने डोळे पुसत आत गेली. मला वाटलं, माहेरचा आनंद.

गावात पोचलो तर ओसरीवर भाऊबंद बसलेले. सगळे हळू आवाजात बोलत होते. माझा मेहुणा चुडामण, जो एरवी मला ट्रॅक्टरच्या टपावर बसवतो, त्याने हाताला धरून मला पायरी चढवली. एका म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चांगला माणूस होता, असं शेजारच्याला सांगितलं. मान वेगळाच होता, हे खरं. पण डोंगर डोक्यात असल्याने मी फार विचार न करता सॅकमधून नवे ट्रेकिंगचे बूट काढले आणि नाड्या बांधायला बसलो.

अक्का समोर येऊन उभ्या राहिल्या.

“जवाईबापू, जोडा तठेच ऱ्हाऊ द्या. तुम्हले अनवानी जानं शे.”

मी म्हटलं, “का हो अक्का?”

“तुम्हले काय व्हयेल शे, ते आमले बठ्ठं माहित शे. देवीले मी सबद देयेल शे.”

जावई अनवाणी तुझा डोंगर चढेल, असा नवस अक्का देवीला बोलल्या होत्या. मला काय झालंय, ते सोडून मला सगळं कळलं. ज्योतीकडे बघितलं तर ती खांबाला धरून रडत होती. रडतानाच म्हणाली, “एवढं मोठं दुखणं एकट्याने अंगावर काढलंत. मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?”

बाई इतके दिवस हे मनाशी घेऊन फिरत होती आणि मी तिच्याकडे वरण मागत होतो. मी सगळं सांगून टाकलं. अंगठा, पूल, दादर, सर्टिफिकेट, पाच शिखरं. चुडामणने विचारलं, त्या शिखरांवर काय आहे. मी म्हटलं, काही नाही. त्याने विचारलं, मग कशाला जायचं.

ज्योतीचं रडणं थांबलं. आधी तिने देवाला हात जोडले. मग माझ्याकडे वळली, आणि गेल्या महिन्याभराचं जे बोलायचं राहिलं होतं ते ओल्या टॉवेलपासून सुरू करून क्रमाने बोलली. भाऊबंद एकेक करून उठले. मघाचा म्हातारा जाताना जरा नाराजच दिसला.

मी हळूच बुटांकडे हात नेला. म्हटलं, आजार नाही तर नवसाचाही प्रश्न नाही.

अक्का म्हणाल्या, “देवीले आते कसं सांगू, चुकी गयं म्हनीसन?”

यावर कोणाचंच काही चाललं नाही. मी अनवाणी निघालो. पुढे अक्का, हातात नारळ, मागे ज्योती, हातात माझे बूट. सातपुड्याचे खडे आणि बाभळीचे काटे यांच्याबद्दल मी इथे बोलत नाही. अर्ध्या वाटेवर मी बसलो तेव्हा अक्का वरून बघत उभ्या राहिल्या, आणि ज्योती म्हणाली की अजून चार शिखरं बाकी आहेत, इतक्यात बसून कसं चालेल. कसाबसा वर पोचलो. अक्कांनी नारळ फोडला, डोळे मिटले आणि बराच वेळ देवीशी काहीतरी बोलल्या.

तळव्यांना इतके फोड आले की चॅलेंजच्या दिवशी मी पलंगावर, पायांखाली दोन उशा घेऊन होतो. प्रेमराज तीन शिखरं करून चौथ्याच्या पायथ्याशी बसला, असं कळलं. मला बरं वाटलं. ज्योती तळव्यांना हळद-तेल लावत होती. राग बराच उतरला होता. मी विचारलं, अक्का एवढा वेळ देवीकडे काय मागत होत्या.

“दुसरा नवस बोलली आई. मना जवाईले जराशी अक्कल दे, माय. अक्कल आली की तो पाचही डोंगर अनवाणी चढेल.”

मी घाबरून पाय आखडून घेतले.

ज्योती म्हणाली, “ठेवा सरळ. तुम्हाला चढायची वेळ येणार नाही.”