सबनीस शिकारीला जातो

वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या चढावर शनिवारी सकाळी पाठीवर वीस किलो बासमती घेऊन, हाशहुश करत चढणारा एक पन्नाशी उलटलेला मराठी माणूस तुम्हाला दिसला, तर कृपा करून त्याच्यासाठी गाडी थांबवू नका. मी एकदा थांबवली होती. काच खाली करून "बस रे, सोडतो घरी," एवढंच म्हणालो. त्यावर भर रस्त्यात सबनीस माझ्यावर खेकसला, "जोग, हे तांदूळ मला घरी न्यायचे नाहीयेत. डोंगरावर न्यायचेत आणि परत आणायचेत!"

मी काच वर केली.

गेलं दीड वर्ष ते तांदूळ दर शनिवारी माउंट कौकाऊच्या माथ्यावर जाऊन येत होते. पोतं तेच. शिवण उसवली तर सबनीस ती सुतळीने पुन्हा शिवायचा. पहिल्या महिन्यात एका गुजराती आजींनी त्याला वाटेत अडवून "भाई, पाच किलो आटा पण आणून दे ना" असं सांगितलं. सबनीसने खरंच आणून दिला. वर म्हणाला, "पाच किलो जास्त, तेवढीच प्रॅक्टिस!"

ही प्रॅक्टिस होती हरणाच्या शिकारीची. हसू नका. माझं हसून झालंय. एका सॉफ्टवेअर कंपनीत बावीस वर्षं खुर्चीत बसून काढलेल्या, लिफ्ट बंद असली तर घरून काम करणाऱ्या या माणसाला डोंगरात जाऊन हरणाचा माग काढायचा होता. इकडे या खेळाला स्टॉकिंग म्हणतात. तंबू पाठीवर घ्यायचा, जंगलात शिरायचं, वारा तोंडावर घेत दबकत दबकत हरणाच्या जवळ जायचं. पाठीवर वारा आला की हरणाला तुमचा वास लागतो आणि खेळ खलास.

आणि हे सगळं कशासाठी? तर ईशासाठी. ईशा ही सबनीसची एकुलती एक मुलगी. ती खाली दक्षिणेला, गोर नावाच्या गावाजवळ गाईम्हशींची, म्हणजे इकडे नुसत्या गाईंचीच, डॉक्टर आहे. दर वसंतात, म्हणजे इकडच्या ऑक्टोबरात, ती मैत्रिणीबरोबर शिकारीला जायची. मैत्रीण ऑस्ट्रेलियाला गेली, तर ही म्हणाली, मी एकटी जाईन. सबनीसने लगेच फोनवर सांगितलं, "मी येतो." मग ईशाने अटी घातल्या: बाबा, आधी बंदुकीचं लायसन्स काढ. वीस किलो घेऊन चार तास चढता आलं पाहिजे. आणि डोंगरात बोलायचं नाही. अजिबात नाही.

पहिल्या दोन अटी ठीक आहेत हो. पण तिसरी? सबनीस आणि न बोलणं? हा माणूस चुकून आलेल्या विम्याच्या फोनवर पाऊण तास बोलतो. बसड्रायव्हरला 'किया ओरा' असा इकडचा नमस्कार घालतो आणि उतरेपर्यंत त्याला सासुरवाडीचं गाव विचारून घेतो. बोलत नाही तो फक्त एका माणसाशी. त्याची बायको, आमच्या वसुधावहिनी, गेल्यापासून चार वर्षं बापलेकीचा फोन जेमतेम दीड मिनिट चालायचा. मी स्वतः ऐकलाय. "हाउ आर यू, बाबा?" "मजेत. तू?" "गुड. बिझी." "जेवलीस?" "येस." मग दोघंही दुसरा कधी ठेवतोय याची वाट बघायचे. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ईशा त्याला बरोबर नेते की नाही, यावर सबनीसचा जीव टांगलेला होता. तो तसं कधी बोलला नाही, पण ते तांदूळ कौकाऊवर उगाच जात नव्हते.

मग सुरू झालं सामान. दुकानातल्या दाढीवाल्या पोराने त्याला सांगितलं की नवशिक्याने रायफलीवर जीव टाकू नये. आधी बूट, मग दुर्बीण, मग अंगातला रेनकोट, आणि रायफल सगळ्यात शेवटी. सबनीसला हे इतकं पटलं की तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला लागला. "जोग, रायफल काय, जुनी चालते! हरीण दिसलंच नाही तर झाडणार कुणावर? आणि पायाला फोड आले तर पोचणार कुठे?" बूट मुरवायचे म्हणून ते घातलेलेच असायचे. ऑफिसात, सोफ्यावर, आमच्या घरी. आमच्या हिने, सुनीताने, दारात नवं पायपुसणं टाकलं आणि माझ्याकडे बघितलं.

वजनाचं तर विचारूच नका. वहिनींचा स्वयंपाकघरातला काटा काढून तो एकेक वस्तू तोलायचा. टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला, सात ग्रॅम वाचले. टॉवेल अर्धा केला. मी म्हटलं, "आणि ही पिशवी कसली?" तर त्यात दीड किलोचा पातळ पोह्यांचा चिवडा, मेतकूट आणि नारळाच्या वड्या. "ते इंधन आहे," सबनीस म्हणाला. त्याचं तोंड इतकं गंभीर होतं की मी वाद घातला नाही.

लायसन्ससाठी त्याने पुस्तक पाठ केलं. त्यातला एक नियम त्याच्या जिभेवर बसला: निशाण पक्कं ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर नाही. झालं! मी मोटरवेवर लेन बदलायला लागलो की शेजारून, "निशाण ओळखलंस?" भाजीबाजारात सुनीताने वांगं उचललं की, "वहिनी, खात्री झाली?" त्याच्या ओळखीचा माणूस म्हणून माझीही मुलाखत झाली. पोलिसांकडून चौकशीला आलेल्या बाईंनी विचारलं, "याला राग येतो का?" मी म्हटलं, "चहा गार झाला तर." त्यांनी ते लिहून घेतलं. देवाशप्पथ लिहून घेतलं. पण लायसन्स आलं.

तिसऱ्या अटीची तयारी मात्र आमच्या परसात झाली. रविवारी दुपारी सबनीस यायचा, लिंबाच्या झाडाखाली दुमडती खुर्ची टाकायचा आणि गप्प बसायचा. दहा मिनिटांपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी तो नऊ मिनिटांनी ओरडला, "जोग, तुझ्या लिंबाला कीड लागलीय!" दोन महिन्यांनी अर्धा तास जमायला लागला. सप्टेंबरात तो दोन तास बसला. सुनीता दोनदा खिडकीतून डोकावून गेली. "भाऊजींना बरं नाहीये का? बघा तरी जाऊन." मी गेलो. सबनीसने ओठांवर बोट ठेवलं आणि कुंपणावरच्या टुई पक्ष्याकडे खूण केली. खरं सांगतो, मला त्या दिवशी या माणसाचं कौतुक वाटलं. ज्याला जे येत नाही ते तो शिकत होता, तेही पन्नाशीनंतर.

आणि मग आम्ही घोळ घातला. आम्ही म्हणजे मीसुद्धा, खोटं कशाला बोलू. निघायच्या आदल्या दिवशी दसरा होता. सबनीस म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा घरात खरं शस्त्र आलंय, पूजा झालीच पाहिजे. पाट मांडला. रिकामी रायफल ठेवली, दुर्बीण ठेवली, सुरी ठेवली. बूट पाटावर ठेवायचे की नाही यावर सुनीताचा आणि त्याचा अर्धा तास वाद झाला. शेवटी बूट पाटाशेजारी वर्तमानपत्रावर बसले. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. शिकारीच्या जाकिटाला सबनीसने अत्तर लावलं आणि धुपाटणं फिरवून फिरवून त्याला धुरी दिली. आरती मी म्हटली. तिघंही शिकली-सवरलेली माणसं आम्ही, पण ज्या प्राण्याला मैलावरून वास लागतो त्याच्याकडे असं सजून जाऊ नये, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने समुद्र ओलांडून पिक्टन आणि पुढे दोन दिवस गाडी हाकत सबनीस ईशाकडे पोचला. आठवडाभराने परत आला तो हात हलवत. इथे सुनीताने, जिने जन्मात कधी मटण शिजवलं नाही, कांदा-खोबऱ्याचं वाटण करून ठेवलेलं.

"अहो भाऊजी, हरीण?"

"नाही मिळालं."

चहा पिता पिता त्याने पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली आणि आम्ही पोट धरून हसलो. चार तासांचा चढ तो एकदाही न थांबता चढला. तोंडातून शब्द काढला नाही. वारा बरोबर, चाल बरोबर, पण लांबवरच्या माद्या भुंकल्यासारखा आवाज काढून पसार! दोनदा झालं, तीनदा झालं. ईशा चक्रावली. मग वारा जरा वळला आणि तिने नाक फेंदारून वास घेतला. "बाबा, व्हाय डू यू स्मेल लाइक अ टेम्पल?" तिने जाकीट काढून ओढ्यात धुतलं, नेच्याच्या पानांनी घासलं, रायफलीच्या दस्त्यावरचं कुंकू नखाने खरवडलं. सबनीस कुडकुडत दगडावर बसून राहिला. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. दुसरा दिवस पावसात गेला, तंबूत. दोघं चिवडा खात बसले. मी म्हटलं, "अरेरे! दीड वर्ष तांदूळ वाहिले आणि असं झालं!" खरंच वाईट वाटलं मला.

सुनीता कप घेऊन आत गेली तेव्हा सबनीस खुर्ची ओढून जवळ आला.

"तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका दरीच्या काठावर बसलो होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "समोरचा उतार न्याहाळत. दुर्बीण माझ्याकडे होती. ती एकदम म्हणाली, बाबा, डिड आई आस्क फॉर मी?"

मला सगळं आठवलं. वहिनी गेल्या त्या दिवशी वेलिंग्टनवर धुकं होतं. विमानं बंद. ईशा तिकडे विमानतळावर अडकून पडली होती आणि पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

"मी म्हटलं, विचारलं होतं. धुकं आहे म्हणून सांगितलं मी. तर वसुधा म्हणाली, तिला सांगा, गाडी काढून येऊ नकोस म्हणावं, एवढं लांब एकटीने गाडी चालवायची नाही. एवढंच रे जोग. हे तिला चार वर्षांत सांगायला हवं होतं. मला वाटायचं, विषय काढला तर तिला त्रास होईल. आणि तिला वाटायचं, बाबा माझ्यावर रागावलाय."

"मग?"

"मग ती बोलायला लागली. गुडघ्यांवर डोकं ठेवून, खाली बघत. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. आईचं, स्वतःचं, तिकडे घरी आल्यावर कसं सुनं वाटतं त्याचं. मी गप्प. मध्ये तोंड घातलं नाही. आणि जोग, तेवढ्यात समोर हरीण आलं."

"काय?"

"तरणं, तांबूस. झाडीतून बाहेर आलं आणि आडवं उभं राहिलं. शंभर-सव्वाशे मीटर. वारा आमच्या तोंडावर, खाली ओढ्याचा आवाज, त्याला आमचा पत्ताच नाही. दुर्बिणीतून त्याच्या पापण्या दिसत होत्या मला."

"मग तिला सांगितलं का नाहीस? अरे गाढवा, त्यासाठीच गेला होतास ना?"

सबनीसने बोटांनी टेबलावरचा चहाचा थेंब पुसला.

"सांगितलं असतं तर ती बोलायची थांबली असती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उगाच उठून खिडकी लावली.

"वीस मिनिटं चरलं ते," तो म्हणाला. "मग गेलं. ईशाजवळ बोलू नकोस हं. तिला वाटतंय त्या दरीत हरणंच नाहीत. पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ म्हणतेय."