सहज जाणाऱ्यांची बखर

गणरायास आणि न अडकता चाललेल्या संगणकास नमन करून, शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सरी घडले ते लिहितो. खरे सांगायचे तर लिहिणारच नव्हतो. बखरीला लढाई लागते, इथे एक बस आहे. पण राहवेना.

तर राज्यात यंत्रनवीस विश्रामपंत होते, आणि त्यांनी संगणकात सारी रयत ठिपके करून बसविली होती, आणि ठिपके चालवून कोण कुठे जाईल ते आधीच दाखवीत. मग दरबारी विषय निघाला, की टेकडीपलीकडच्या गावची दुपारची गाडी ठेवावी की बंद करावी. कारकून प्रवाशांस कशासाठी जाता म्हणून विचारून आले, आणि पंतांनी उत्तरे यंत्रात घातली, तो यंत्रातली गाडी रिकामीच धावू लागली. दिवाणजी खूश झाले, सोमवारी हुकूम काढू म्हणाले.

मग पंतांचे मन खाऊ लागले, कारण त्या गावी त्यांचे जिवलग शौकतभाई राहत, आणि गावाला दुसरी गाडी नव्हती. निदान आपल्या तोंडाने सांगावे म्हणून पंत त्याच गाडीने निघाले, आणि गर्दीत उभ्यानेच गेले, तरी डोक्यात उजेड पडला नाही. शौकतभाईंनी पाणी दिले, भर उन्हात कसे येणे केले, विचारले. पंत म्हणाले, "सहज."

शौकतभाई हसले. "विश्राम, तोंड बघ तुझं. सहज म्हणणारा माणूस चहा झाल्यावरच खरं बोलतो. बस, टाकतो."

पंतांनी कपाळाला हात लावला. निम्म्या गाडीने कारकुनांस सहज असेच सांगितले होते, आणि यंत्रात खाने चारच, नोकरी, शाळा, दवाखाना, बाजार, म्हणून पंतांनीच ती उत्तरे कचरा समजून उडविली होती. कुणी लेकीचे बरे चालले आहे ना ते बघायला निघालेली, कुणी भावाशी अबोला मोडायला, ते कारकुनास कोण सांगणार? मग पंतांनी चहा तसाच टाकून परतीची गाडी धरली, आणि पाचवा खाना केला, आणि ठिपके पुन्हा चालविले, आणि गाडी भरली.

सोमवारी पंत दरबारात उभे राहून म्हणाले, "यंत्राची चूक नाही. मीच त्याला अर्धी रयत दिली." दिवाणजी म्हणाले, उगाच फिरणाऱ्यांसाठी सरकारने डिझेल जाळावे काय? पंत हटले नाहीत. विचारते झाले, "काल आपण मामांकडे कशाला गेला होतात?" दिवाणजी "सह" इतकेच बोलून थांबले, आणि दरबार हसला, आणि हुकूम निघायचा राहिला.

एवंच, गाडी चालू आहे. पंतांस हल्ली सहजपंत म्हणतात, त्यांस ते चालते. शौकतभाईंनी फोनवर विचारले, चहाचे काय? पंत म्हणाले, "मंगळवारी येतो, दुपारच्याच गाडीनं. काही झालं तरी येतो."

"काम काय?"

"सहज."