उलटे चालणारे अप्पा गडदे

संध्याकाळी पाचच्या सुमारास गारखेड्यात, आमच्या गल्लीत एखादा गृहस्थ हातात मेथीची जुडी घेऊन उलटा चालत येताना दिसला तर घाबरू नका. ते आमच्या शेजारचे अप्पा गडदे. त्यांच्या पाठीवर सोलर पॅनल असतं, चार घड्यांचं, दप्तरासारखं अडकवलेलं, आणि त्याची वायर खिशातल्या मोबाइलला जोडलेली असते. भाजी घेऊन घरी येताना सूर्य समोर येतो आणि पॅनल सावलीत जातं. मग अप्पा वळतात, पाठ सूर्याकडे करतात आणि फाटकापर्यंत उलटे येतात. गल्लीतली कुत्री आता भुंकत नाहीत, रिक्षावाले आपणहून बाजूला होतात. एक रिक्षावाला तर "अप्पा, पीछे गड्ढा है" म्हणून सांगतोही.

मी त्याच रस्त्याने रोज सरळ चालत येतो. मला कोणी खड्डा सांगत नाही.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. प्रकाश, ऊर्जा, विद्युतधारा हे धडे मला आजही तोंडपाठ आहेत. सोसायटीतला पहिला इन्व्हर्टर माझ्या घरात आला. फ्यूज उडाला, मिक्सर बंद पडला, गिझरमधून झटका बसला की लोक माझ्या दारावर यायचे. मी चष्मा लावून आधी कारण समजावून सांगायचो आणि मग इलेक्ट्रिशियनला बोलवा म्हणायचो. चार वर्षांपूर्वी पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले अप्पा शेजारी राहायला आले, आणि लोकांची पावलं माझ्या दारावरून पुढे जाऊ लागली. हे मी मनावर घेतलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर मी जळत होतो.

अप्पा नमस्कार करत नाहीत. भेटल्याबरोबर विचारतात, "किती टक्के?" माणूस बिचारा खिशातून फोन काढून सांगतो, चाळीस. "चाळीस? आन् बाहेर फिरायलात?" असं म्हणून अप्पा कपाळाला हात लावतात. त्यांच्या गच्चीवर उन्हाच्या वेळेला पाच-सहा पॅनल पसरलेली असतात आणि अप्पा दर अर्ध्या तासाने ती सूर्याच्या दिशेने सरकवतात. गावाकडे बायका वाळवणाला जितक्या जपत नाहीत तितके ते त्या पॅनलांना जपतात. दाराशी एक पिशवी कायम भरलेली. तिच्यात टॉर्च, शिट्टी, नायलॉनची दोरी, गूळ-शेंगदाणे आणि एक पॉवर बँक. "भूकंप झाला, पूर आला, उचलायची आन् निघायचं," अप्पा म्हणतात. आमच्या भागात पूर यायला पाण्याला तीन मजले चढावं लागेल, हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येकात खोट काढू नका."

ह्याच सौभाग्यवती घरात वीज असताना स्वतःचा मोबाइल अप्पांकडे चार्जिंगला पाठवतात, वर झाकलेल्या ताटलीत धिरडी. का, तर म्हणे उन्हाचं चार्जिंग जास्त टिकतं. मी तिला वही-पेन घेऊन समजावलं की वीज कुठूनही येवो, बॅटरीला त्याचं काही नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. पण टिकतं."

माझं खरं नाक कापलं गेलं ते वादळात. एप्रिलमध्ये एका दुपारी असा वारा सुटला की दोन खांब आडवे झाले. दोन दिवस वीज नाही. माझा इन्व्हर्टर पाच तासांत मान टाकून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी सोसायटी अप्पांच्या गच्चीवर. प्रत्येक मोबाइलला रबर बँडने नावाची चिठ्ठी, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं त्यांचा नंबर आधी. "ऊन फुकट हाय म्हून लोकायला त्येची किंमत नाय," असं म्हणत अप्पा वायरी बदलत होते. मीही गेलो होतो. माझा मोबाइल तीन टक्क्यांवर होता. अप्पांनी चिठ्ठीवर 'सर' लिहिलं आणि मला चहा दिला. तो मी उभ्या उभ्याच संपवला.

तेव्हा मी बोलायचं म्हणून विचारलं होतं, हे खूळ लागलं कुठून? अप्पा म्हणाले, "माझा धाकला भाऊ हाय ना, भिवा. मेंढरं घिऊन फिरतो. त्याचा फोन कवाबी लावा, बंद. रानात कुठं चार्ज करणार गडी? त्याच्यासाठी पहिलं पॅनल घेतलं. मंग गोडी लागली." तीन पॅनल पाठवली होती त्यांनी भावाला, वाटेत भेटतील त्या मेंढपाळांच्या हाती. फोन तरी बंदच. मी हं हं केलं. माझं लक्ष माझा मोबाइल किती टक्क्यांवर आला तिकडे होतं.

वादळानंतर ठरलं की सोसायटीत एक आपत्ती प्रमुख हवा. नाव अर्थातच अप्पांचं निघालं. मी म्हटलं, घाई कशाला? आधी एक दिवसाचा सराव कॅम्प करू. वीज नाही, नळ नाही, अशा जागी राहून बघू कोणाची तयारी किती आहे ते. जागा माझी. पाचोडजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे, धाकटा भाऊ बघतो. माझ्या रानात, माझ्या लोकांत अप्पांना मात देण्याचा बेत होता. मांडववाल्याकडून मी एक छोटा जनरेटरही भाड्याने घेतला आणि ही गोष्ट शेवटपर्यंत गुपित ठेवली.

रब्बीची पिकं निघालेल्या मोकळ्या रानात आम्ही सकाळी तीन तंबू ठोकले. मुक्काम नसताना तंबू कशाला, हा सौभाग्यवतींचा प्रश्न मी ऐकला नाही. माझा जनरेटर दोरी ओढल्याबरोबर सुरू झाला. पण त्याचा आवाज असा की मी आपत्तीविषयी जे भाषण तयार केलं होतं त्यातला एक शब्द कोणाला कळेना. मुलं कान झाकून लांब पळाली. माझा भाऊ बांधावरून ओरडला, "दादा, बैल बुजायलेत, बंद करा ते!" बंद केला. नंतर तो पुन्हा सुरू झाला नाही.

अप्पांनी बाभळीला दोऱ्या बांधून पॅनल टांगली. आणि काय सांगू, बरोबर अकरा वाजता आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसते जाडजूड ढग. पाच पॅनल, आठ मोबाइल, आणि आकडा हलेना. इतका आनंद मला मुलाच्या नोकरीच्या वेळीही झाला नव्हता. मी हात मागे बांधून सगळ्यांसमोर गेलो आणि मोठ्याने विचारलं, "काय अप्पा, किती टक्के?"

अप्पा हसले. म्हणाले, "ढगाला कोण काय म्हणणार, सर?"

लोकही त्यांच्याबरोबर हसले. माझ्या बाजूने कोणीही हसलं नाही.

दुपारी मेंढ्या आल्या. रान मोकळं झालं की आमच्याकडे मेंढपाळांना बोलावून रानात मेंढ्या बसवतात, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. भावाने त्या दिवशीच बोलावलं होतं. पुढे घोडं, घोड्यावर भांडीकुंडी आणि कोंबड्या, मागे दीड-दोनशे मेंढ्या, आणि सगळ्यांत मागे म्हाळू नावाचा म्हातारा. अप्पांनी आवाज ऐकला आणि हातातली वायर टाकून पायात चप्पल न घालता ते ढेकळांतून पळत सुटले. त्या वयाच्या माणसाला इतकं पळताना मी पाहिलं नव्हतं. एका मेंढीचे कान चाचपून त्यांनी ती आजारी असल्याचं सांगितलं आणि म्हाळूला विचारलं, "भिवा दिसला का रं?"

"दिसला की. बिडकीनकडं हाय," म्हाळू म्हणाला.

अप्पांचा चेहरा असा उजळला की मी तिकडे बघायचंच टाळलं. ते लगबगीने त्यांच्या पिशवीकडे गेले, भिवासाठी चौथं पॅनल काढायला. एकदम नवीन, खोक्यातलं. मी आणि म्हाळू तिथेच उभे होतो. मी सहज म्हणालो, "त्या भिवाचा फोन कायम बंद कसा काय असतो हो?"

म्हाळूने आधी अप्पा किती लांब आहेत ते पाहिलं. मग म्हणाला, "बंद कशाचा? सकाळीच बोललो त्येच्याशी. नंबर बदललाय त्यानं. पाच सालं झाली. अप्पाला देऊ नगा म्हून शपथ घातलीया समद्यायला."

"का?"

"भिवानं शाळा सोडली, मेंढरामागं गेला, म्हून अप्पा शिकला. आन् बाप गेल्यावर ह्यानं दहाव्याला, चार मानसात म्हनावं, मेंढरं इकून टाक, शहरात वाचमन हो, किती दिस भिकाऱ्यावानी फिरणार? त्ये लागलं त्याला."

"मग ती पॅनल परत का पाठवली नाहीत?"

"परत?" म्हाळू हसला. "तिन्ही हायेत. घोड्याच्या पाठीवर बांधून हिंडतो. पोराला बी हात लावू देत नाय. समद्या वाड्याचे, संगं हिंडणाऱ्या बिऱ्हाडांचे, फोन त्याच्यावर चार्ज होत्यात. गाठ पडली की माझा बी." आणि त्याने धोतराच्या ओच्यातून मोबाइल काढून दाखवला.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. चार वर्षं ज्या माणसाने मला गल्लीतून पुसून टाकलं, त्याचा सगळा खटाटोप एका बंद नंबरासाठी होता आणि ते फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य बोललो की झालं असतं. आणि लगेच मला पुन्हा हेवा वाटला, ह्या वेळेला पॅनलांचा नाही, त्या दोन भावांचा. पन्नास पावलांवर, बांधावर, माझा सख्खा भाऊ बसला होता. सकाळपासून आमच्यात बैल बुजण्यापलीकडे एक शब्द झाला नव्हता. आमचं भांडण मात्र कधीच झालेलं नाही.

अप्पा खोकं घेऊन आले. मागोमाग सोसायटीतली आठ-दहा माणसं. खोकं म्हाळूच्या हातात देताना ते एकाएकी थांबले आणि माझ्याकडे वळले.

"सर, तुम्ही सायन्सचे. आज खरं सांगा. तीन पॅनल दिले, चांगले, भारीतले. तरी फोन बंद. माझं कुठं चुकायलंय?"

चार वर्षांत अप्पांनी मला पहिल्यांदा टक्क्यांपलीकडे काही विचारलं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. सौभाग्यवती माझ्याकडे बघत होत्या. म्हाळू जमिनीकडे बघत होता. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"धूळ," मी म्हणालो.

"धूळ?"

"मेंढ्यांमागे धूळ किती उडते! ती काचेवर बसते. मग ऊन आत जात नाही. पॅनल कितीही भारी असो, रोज पुसलं नाही तर काय उपयोग?"

विज्ञान म्हणून त्यात खोटं काही नव्हतं. परीक्षेत हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण दिले असते.

 अप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, "बगा! येवढी साधी गोष्ट. त्याला सांगितलंच नाय मी." त्यांनी गळ्यातला पांढरा पंचा काढला, मधोमध टर्रकन फाडला, अर्धा नीट घडी घालून खोक्यात ठेवला. म्हाळूला म्हणाले, "त्याला म्हनावं, वल्ल्या फडक्यानं पुस. रोज. सकाळच्या पारी. अप्पानं सांगितलंय म्हनावं... नाय, सरायनी सांगितलंय म्हन. माझं नाव नको घेऊ."

म्हाळूने एकदा माझ्याकडे पाहिलं, खोकं कपाळाला लावलं आणि घोड्यावर बांधलं.

परतताना सोसायटीने ठरवलेल्या मिनीबसमध्ये अप्पा उभे राहिले आणि म्हणाले, आपत्ती प्रमुख सरच पाहिजेत. आपण नुसत्या वायरी जोडतो, कारण सर शोधतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सौभाग्यवतींनी मला थर्मासमधला चहा आधी दिला, अप्पांना नंतर. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "सर, धूळ पुसल्यावर किती दिवसात लागंल फोन?"

मी म्हणालो, "फडकं तर पोचू द्या."

"व्हय, व्हय. त्ये बी हायच," ते म्हणाले, आणि अर्ध्या वाटेतच झोपी गेले. डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. मी दुसऱ्या हाताने मोबाइल काढला आणि माझ्या भावाला लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला.

"काय राहिलं का इथं, दादा?"

"नाही."

"मग?"

मी कितीतरी वेळ फोन कानाला धरून बसलो. तोही ठेवत नव्हता.