दुखण्याची आणेवारी

तात्या तलाठी आजाऱ्याला "कसं काय?" असं कधीच विचारत नाहीत. "आज किती आणे दुखतंय?" असं विचारतात.

उभी हयात पिकांची आणेवारी ठरवण्यात गेली. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. पेन्शन लागली, शेतं सुटली, माप काही सुटलं नाही. ते घेऊन तात्या रोज सकाळी ताथवड्याहून सायकलवर आमच्या सरकारी दवाखान्यात येतात आणि खाटेखाटेशी उभे राहतात.

मी फाटकावर आमच्या रुग्णहक्क संघटनेची पत्रकं वाटतो. आमचं म्हणणं साधं आहे. ताप मोजता, नाडी मोजता, मग दुखणं का मोजत नाही? सरकारी डॉक्टर चालता चालता "बरंय ना?" म्हणतो, खाजगीवाला खुर्ची देऊन तेच म्हणतो. धिक्कार असो दोघांचा! तात्यांनी पत्रक वाचलं.

"धिक्कार झकास हाय, राव. पण आत कधी गेलास का?"

गेलो. पुनावळ्याचा किसन, बैलगाडीच्या चाकाखाली पाय सापडलेला.

"किती आणे?"

"दोन असंल, तात्या."

"लबाडा! जन्मात कधी तलाठ्याला खरं सांगितलंस का?" मग माझ्या कानाशी, "शेतकरी बोलंल ते धरायचं न्हाई. पीक बघायचं."

किसनच्या मुठीने खाटेचा गज आवळला होता. बोटं पांढरी पडली होती. "बारा आणे!" तात्या गरजले आणि डॉक्टरांच्या दारात मांडी घालून बसले.

"त्याची तर काही तक्रार नाही," डॉक्टर म्हणाले.

"शेताच्या बांधावर चला, सायेब. हितनं पीक दिसत न्हाई."

डॉक्टर वैतागून उठले. खाटेपाशी आले, मूठ पाहिली. इंजेक्शन दिलं. हळूहळू गज सुटला, किसनला झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरबाई ताप घेताना स्वतःच विचारू लागल्या, "किती आणे?" आणि उत्तर ऐकताना हातांकडे बघू लागल्या. माझ्या गठ्ठाभर धिक्कारांना हे जमलं नव्हतं.

"तात्या, हे खूळ आलं कुठून?" मी विचारलं.

तात्यांनी टोपी काढली. "बायकोला पुण्यात खाजगीत ठेवली व्हती. शेवटपातुर इचारायचो. 'एकच आणा' म्हणायची. साऱ्या गावाचं खोटं धरलं रं, तिचंच तेवढं खरं धरलं."

सिस्टरबाई पलीकडेच होत्या. "तात्या, तुमचे आज किती?"

"माझं? असंल की एखादा."

बाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. टोपीचा पार चोळामोळा झाला होता. त्यांनी तात्यांपुढे स्टूल सरकवलं.