ड्रिलसरांची खिडकी

"खिडकी निवडायची ती जावई निवडावा तशी! रूप बघायचं नाही, तोंड घट्ट मिटतं का एवढंच बघायचं!"

शाळेत कवायत शिकवणारे ड्रिलसर मेहुण्याला ऐकवत होते. घरासमोर पत्र्याची पिंपं ठोकायचा कारखाना. दिवसभर ठाण् ठाण्! सरांनी गावातली दुकानं पालथी घातली. सरकती खिडकी नको, तिला फटी राहतात. दारासारखी मिटणारी घेतली. दोन काचा, एक जाड, एक पातळ, मध्ये पोकळी, कडेला रबर! गॅलरीचं दारही तसंच.

"दुकानदार काहीही सांगतात हो भाऊजी," मेहुणा बिस्किट बुडवत म्हणाला.

झालं! सरांच्या मिशा फुरफुरल्या. "थांबा! मी बाहेरून ओरडतो. तुम्ही ऐकून दाखवा!"

सर गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं आणि छाती भरून 'साऽऽवधान!' ठोकलं. खालची सायकलवाली बाई जागीच ताठ उभी राहिली. आत मात्र चिडीचूप! मेहुण्याने चक्क टाळ्या वाजवल्या. सरांनी दिमाखात दार ढकललं. दार ढिम्म! मूठ फक्त आतल्या बाजूला होती.

"अगं, दार उघड!"

आत बायको कौतुकाने म्हणाली, "बघ, अजून ओरडताहेत! काही म्हणजे काही ऐकू येत नाही!"

सरांनी काचेवर थापा मारल्या, गुडघे टेकले, हात जोडले.

"अभिनयही झकास करतात!" म्हणत मेहुण्याने बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं.

मग मात्र सरांचा तोल गेला. ऐकू जात नाहीच म्हटल्यावर त्यांनी मेहुण्याचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. "फुकट्या! ऐतखाऊ! रेड्या!" कारखान्यातले हातोडे थांबले. कामगार बाहेर येऊन ऐकू लागले. अखेर शेजारच्या आजींनी धापा टाकत जिना चढून बेल दाबली.

"बाई गं, नवऱ्याला आत घे! माझी नातवंडं शिव्या पाठ करताहेत!"

सर आत आले. घसा बसलेला, पण मान ताठ. "पटलं?"

"पटलं! एक अक्षर ऐकू आलं नाही. म्हणत काय होतात?"

"तुमचं कौतुकच!"

महिन्याभरात आजूबाजूच्या सगळ्या घरांना, अगदी कारखान्यालाही, तसल्याच खिडक्या लागल्या. सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. "बघितलंस? अख्खी गल्ली माझ्या सल्ल्याने चालते!"

"हो ना," बायको म्हणाली. "खिडक्या बसवायला आलेल्या दुकानदाराने विचारलं म्हणे, एवढा कसला त्रास आहे? सगळ्यांनी तुमच्या गॅलरीकडे बोट दाखवलं!"