निम्मी कॉट

या दानधर्मात लालासाहेबांच्या वाट्याला निम्मी कॉट येणार होती. पुण्य, फोटो, शाल-नारळ ज्याला हवं त्यानं घ्यावं. त्यांना फक्त पाठ टेकायची होती. फौजेत त्यांच्या नावाची अख्खी कॉट असे. हवालदार म्हणून निवृत्त होऊन कोरेगावजवळच्या गावी परतले, तर घरच्या कॉटवर भिंतीकडून बायकोनं, भामाबाईंनी, शिवलेल्या वाकळांची, म्हणजे गोधड्यांची, छातीइतकी चळत उभी. उरलेल्या पट्टीवर कुशीवर झोपायचं. उताणं झोपणं म्हणजे काय, हे ते विसरत चालले होते.

म्हणून माजी सैनिकांच्या बैठकीत पुण्याच्या लष्करी दवाखान्यातल्या जखमी जवानांना वाकळा द्यायचं निघालं, तेव्हा पहिला हात त्यांचा वर गेला.

"आपली चळत पडूनच हाय," घरी येऊन ते म्हणाले. "दिऊन टाकू."

भामाबाईंनी बघितलं ते असं, की जणू त्यांनी पाहुण्यापुढं खरकटं ताट सरकवलं होतं. "आवं, त्या पाव्हण्यारावळ्यांनी वापरल्याल्या. जखमी पोरांस्नी असलं द्यायचं व्हय? नव्या शिवू."

"कोण शिवणार?"

"आळीतल्या बाया काय गाव सोडून गेल्यात?"

गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी आळी जुनी लुगडी, साड्या, धोतरं घेऊन हजर झाली. ढीग ठेवायला कोरडी, उंच जागा एकच होती. लालासाहेब जमिनीवर आले.

जमीनही टिकली नाही. वाकळ खाली अंथरून चारी बाजूंनी बसून शिवतात, आणि कडा टाचून होईपर्यंत ती उचलता येत नाही. उचलली की आतले थर सरकतात. पुढच्या सोप्यात एक, माजघरात एक अशा अर्धवट वाकळा पसरल्या. सुरुंग पेरलेल्या रानातून जावं तसे लालासाहेब भिंतीला चिकटून मोरीकडं जाऊ लागले.

"काका, पाय संबाळून," शेजारची संयोगिता दोरा तोंडात धरून म्हणे.

रंगूबाई शिवण्यात सगळ्यांत जुनी, पण तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. "खाली बसवंना बया. मला आपली ती कॉट चालंल," ती म्हणाली, आणि कापडांनी सोडलेली वीतभर जागाही गेली.

वाकळा नेण्यासाठी ठरवलेला टेम्पो आळीतल्या सिकंदरच्या दारात उभा होता. लालासाहेब टेम्पोच्या हौद्यात झोपू लागले. तिथंही स्टेपनी होतीच, म्हणजे पुन्हा कुशीवर.

"हवालदार, झोपा खुशाल," सिकंदर म्हणाला, "पर घोरू नका. कुत्री समदी माझ्या दारात येत्यात."

मग वाकळांच्या पोटात घालायला कापड कमी पडलं. खिडकीचे पडदे गेले. लालासाहेबांचं धोतर गेलं. वर्दीचा जुना शर्ट जाताना मात्र ते उठले.

"अगं, ती वर्दी हाय."

"पोटात जाणार हाय, कोण बघतंय? आन् जवानाच्याच अंगावर चाललीय की."

 हवालदाराला दुसरंच काही सुचलं. जांभई देत, काही अडलं नसल्यासारखे ते म्हणाले, "तसं पोटातच घालायचं तर ती चळत काय वाईट हाय?"

बाया थांबल्या. रंगूबाईनं कॉटवरूनच निकाल दिला. "डोस्कं हाय गड्याला."

चळत नव्या वाकळांच्या पोटात गेली. पुण्याला वाकळा पोचवताना लालासाहेब टेम्पोत पुढं बसले होते आणि मनानं कॉटवर हात-पाय पसरून पडले होते.

दवाखान्यात विट्याकडचा विश्वजीत नावाचा पोरगा होता, कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये. लालासाहेबांनी त्याच्या अंगावर वाकळ घातली. त्यानं कडेचे टाके चाचपले.

"आईच्या हातचीच वाटती," तो म्हणाला. "काका, किती महिनं नुसता उताणा पडलोय. एकदा कुशीवर झोपाय मिळालं ना, दुसरं काय नको बघा."

लालासाहेबांनी वाकळेची कड त्याच्या खांद्याखाली खोचली. "हुतंय," ते म्हणाले. "हुतंय सगळं."

रात्री झाडलेली, मोकळी कॉट वाट बघत होती. लालासाहेब उताणे पडले. हात पसरले. आढ्याकडं बघत राहिले. झोप येईना. शेवटी, काहीतरी चोरून घेतलेलं परत ठेवावं तसे ते कडेला सरकले आणि कुशीवर वळले. लगेच डोळा लागला.

पंधरवड्यानं विश्वजीतची आई साड्यांचं भलंमोठं गाठोडं घेऊन आली. "शेजारच्या वॉर्डातल्या पोरांस्नी न्हाई मिळाल्या," ती म्हणाली. "त्यांच्या आयांनी कापड दिलंय."

गाठोडं उचलून भामाबाई घरभर बघू लागल्या. "कुठं ठिवू वं?"

दुपारची पाठ टेकलेले लालासाहेब उठून बसले, उशी कडेला ओढली. "हितं. भिंतीकडनं ठिव. मला एवढी बास."

तर हिशेब असा: जवानांना ऊब मिळाली, भामाबाईंना शाल-नारळ, सिकंदरच्या दाराला शांतता. किंमत लालासाहेबांनी भरली, निम्मी कॉट. पहिल्यांदाच आपल्या हातानं.