मागे न जाणारी गाडी

आम्ही निघालो होतो स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दगड पसंत करायला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण बायको ही हकीकत सांगते तेव्हा इथूनच सुरुवात करते आणि मग ऐकणारे सगळे तिच्या बाजूनं होतात. तर दगडाच्या दुकानाकडे जाताना वाटेत एका बंगल्याच्या दारात ती उभी दिसली. (गाडी. बायको माझ्या शेजारीच होती.) सायीच्या रंगाची, बुटकी, दोनच दारांची, पुढे दोन गोल गोल दिवे. काचेवर पुठ्ठा लावलेला होता, ‘विकणे आहे’.

"जरा बघून येऊ," मी म्हणालो.

"कशाला?"

"बघायला काय जातंय!"

बघायला ओटा जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

मालक दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. ही गाडी काही खरोखर जुन्या जमान्यातली नव्हे. ती जुनी दिसावी म्हणून कंपनीनं मुद्दाम तशी घडवलेली, आणि नंतर डॉक्टरांनी वापरून वापरून खरीच जुनी केलेली. आत मधोमध ताटाएवढा स्पीडोमीटर, त्याखाली विमानात असतात तसे खटके, गियरच्या दांड्यावर गोल मूठ आणि मुठीखाली चकचकीत कडं. मी एक खटका दाबला. काहीच झालं नाही. दुसरा दाबला, तरी नाही.

"त्यातले दोन-तीन नुसते शोभेचे आहेत," डॉक्टर म्हणाले.

मला ते फार आवडलं. आमच्या ऑफिसातही आम्ही दोन-तीन जण तसेच आहोत. समोरच्या गोल बागेला मी एक ऐटदार चक्कर मारून आलो आणि सौदा पक्का केला. किल्ली हातात देताना डॉक्टर म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. गाडी मागे घेताना ना..."

"डॉक्टर," मी हसून म्हणालो, "मी तुम्हाला दात कसा काढायचा ते शिकवतो का?"

डॉक्टर हसले आणि गप्प बसले. सभ्य माणूस होता.

घरी पोचेपर्यंत बायको एक अक्षर बोलली नाही. दारात पोचल्यावर मात्र एकदमच बोलली. "ओट्याचे पैसे गेले ते गेले. महिनाभर बघते. या गाडीनं आपल्याला रस्त्यात एकदा जरी तोंडघशी पाडलं, तर ती विकायची आणि ओटा करायचा. मान्य?"

"मान्य!" मी म्हणालो. माझा गाडीवर विश्वास होता. गाडी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, भिंतीकडे तोंड करून, दिमाखात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो. रिव्हर्स टाकला. गाडी पुढे गेली आणि भिंतीला टेकली. पुन्हा टाकला, पुन्हा पुढे. दांडा डावीकडे नेऊन वर सरकवला की गाडी मागे जायला हवी, हे जगातल्या कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक आहे. ही गाडी तेवढं केलं की पहिल्याच गियरमध्ये जायची आणि भिंतीला ढुशी द्यायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं, "काय पडलं हो?" मी म्हणालो, "काही नाही, काकू, इंजिन गरम करतोय."

म्हणजे डॉक्टरनं मला चक्क रिव्हर्स नसलेली गाडी विकली होती! (‘मागे घेताना ना...’ म्हणे! पुढचं वाक्य ‘उतरून ढकला’ असंच असणार.) आता एखाद्या शहाण्या माणसानं डॉक्टरला फोन केला असता. पण दाताचा टोमणा मारून आलेल्या माणसाला तो फोन कसा जमणार? मेकॅनिककडे जावं, तर आमच्या भागातला एकुलता एक मेकॅनिक माझ्या मेव्हण्याचा जिगरी दोस्त. त्याच्या कानावर घालणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. आणि मेव्हणा तर आधीच म्हणाला होता, "दाजी, चावी दिली की चालते का ही?"

मी तिथेच, भिंतीला टेकलेल्या गाडीत बसून निर्धार केला. महिना काढायचा. मागे न जाता काढायचा. माणसाला आयुष्यात पुढेच जायचं असतं, मग गाडीचं काय मोठंसं!

गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, उतरलो आणि बॉनेटला दोन्ही हात लावून मागे ढकलली. ती निघाली खरी, पण निघाली ती थांबेना. वॉचमननं धावत येऊन मागून पाठ लावली.

"साहेब, बंद पडली का?"

"नाही रे. व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलंय." (हे अर्धं तरी खरं असावं.)

त्या दिवसापासून मी एक शास्त्र तयार केलं. गाडी लावायची ती पुढे निघता येईल अशीच. ऑफिसात सगळे सावलीत दाटीवाटीनं गाड्या लावायचे. मी लांब मोकळ्या मैदानात, भर उन्हात. शिपाई म्हणाला, "साहेबांना गाडी सगळ्यांना दिसायला हवीय." मी त्याला तसं समजू दिलं. गर्विष्ठ म्हणवून घेणं परवडलं, मूर्ख म्हणवून घेणं नको. आमच्या पार्किंगमध्ये मी संध्याकाळी बाहेरच गाडी बंद करायचो, हातानं वळवायचो आणि तोंड बाहेर राहील अशी, शेपटी पुढे करून आत ढकलायचो. एकदा बायकोनं वरून पाहिलं.

"अहो, गाडी ढकलत होतात?"

"छे! पुसत होतो."

"दोन्ही हातांनी? वाकून?"

"मनापासून पुसत होतो."

"मग ती हलत का होती?"

"उतार आहे अगं तिथे."

तिनं नुसतं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या बघण्याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तिला लॅबमध्ये सोडायला जाताना एकदा वळण चुकलं. चार पावलं मागे घेतली असती तर काम झालं असतं. मी सरळ पुढे निघालो, नदी ओलांडली, पलीकडच्या पुलावरून परत आलो.

"हे काय? आपण कुठे आलो?" बायकोनं विचारलं.

"नदी बघ ना किती छान दिसतेय!"

"मला रक्ताचे नमुने तपासायचेत, नदी नाही!"

मागच्या सीटवरून आमची मुलगी म्हणाली, "बाबा, आपण प्रत्येक ठिकाणी गोल फिरून का जातो?" पोरं फार निरीक्षण करतात. मी तिला आईस्क्रीम घेऊन दिलं. माझी कंबर धरली, तळहातांना घट्टे पडले, पण वजन उतरलं, आणि महिना संपत आला. गाडीनं आम्हाला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं. मी पाडू दिलंच नव्हतं.

आणि मग शेवटच्या रविवारी मेव्हण्यानं जेवायला बोलावलं. तो नव्या घरी राहायला गेला होता. "गाडी घेऊनच या हं, दाजी," तो फोनवर म्हणाला. त्याच्या आवाजात मला ओटा ऐकू आला.

शनिवारीच मी शेजाऱ्याची स्कूटर घेऊन पाहणी करून आलो. (युद्धाला जाणारे सेनापती असंच करतात.) मेव्हण्याचं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला. गल्ली पुढे बंद. पण त्या टोकालाच लाकडाची वखार होती, तिचं भलंमोठं फाटक सताड उघडं आणि आत ट्रक वळेल एवढं आवार. गाडी आत घालायची, वळवायची, ऐटीत बाहेर. मी खुशीत शीळ घालत घरी आलो.

रविवारी गल्लीत शिरलो. मेव्हणा गॅलरीत उभा होता. मी त्याला हात केला, त्याच्या दारावरून रुबाबात पुढे निघालो आणि वखारीसमोर येऊन थांबलो. फाटकाला माझ्या मुठीएवढं कुलूप होतं. वखारीला रविवारी सुट्टी असते, हे सेनापतींच्या लक्षात आलं नव्हतं.

"घर मागे राहिलं," बायको म्हणाली.

"माहीत आहे."

"मग मागे घ्या."

तेवढ्यात आमच्या पाठीमागे पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवायला लागला. त्याला मेव्हण्याच्या शेजारच्या इमारतीत जायचं होतं, आणि आमची शेपटी नेमकी तिथल्या फाटकात आडवी आली होती.

"ओ काका, जरा मागे घ्या, बाजूला लावा, मला आत वळू द्या!" टँकरवाला ओरडला.

"तू जा मागे!" मी ओरडलो.

"मी कशाला? पाणी इथे द्यायचंय!"

गॅलरीतून मेव्हणा ओरडला, "दाजी, थोडीशीच मागे घ्या!" शेजारच्या इमारतीतून बादल्या घेऊन उतरलेली माणसंही ओरडायला लागली, "मागे घ्या, मागे घ्या!" मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून फाटकाकडे बघत बसलो. खरं सांगतो, रडायला येत होतं. महिनाभर जिला हातांवर झेललं, ती माझी गोल डोळ्यांची गाडी दोन हात जागेसाठी चालली होती.

"अहो, ऐकू येत नाही का? मागे घ्या!"

"ती मागे जात नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे जात नाही. हिला रिव्हर्सच नाहीये. डॉक्टरनं फसवलं."

मग मागून मुलगी म्हणाली, "म्हणून आपण नदी बघतो!"

मेव्हणा खाली आला होता. त्यानं हे ऐकलं आणि खिशातून मोबाइल काढला. "ताई, माझ्या ओळखीचं एक गिऱ्हाईक आहे. आत्ताच विचारू?"

"थांब," बायको म्हणाली. मग मला म्हणाली, "उतरा."

मी उतरलो. ती पलीकडून येऊन माझ्या जागी बसली. लग्नाआधी ती माझ्या सासऱ्यांची गाडी चालवायची, हे मी ऐकून होतो. पण ऐकलेलं सगळंच लक्षात ठेवलं तर संसार कसा व्हायचा? तिनं मुठीवर हात ठेवला. जरा चाचपलं. मग मुठीखालचं ते चकचकीत कडं दोन बोटांनी वर उचललं, दांडा डावीकडे नेऊन वर सरकवला, आणि माझी गाडी, जिला मी महिनाभर छातीनं मागे ढकललं ती गाडी, लोण्यासारखी मागे गेली. एका दमात ती मेव्हण्याच्या दारात भिंतीला लागून उभी राहिली. टँकर आत वळला. बादल्यावाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कसं... कसं कळलं तुला?" मी विचारलं.

"उचलता येतंय असं वाटलं, उचललं."

"पण ते शोभेचं आहे!"

तिनं पुन्हा तसंच बघितलं.

जेवणं झाल्यावर मेव्हण्यानं विषय काढला. "मग ताई, ओट्याचं काय? ठरल्याप्रमाणे विकायची ना?"

बायको शांतपणे पाणी प्यायली. "ठरलं होतं ते गाडीनं तोंडघशी पाडलं तर," ती म्हणाली. "गाडीनं काही केलं नाही. ज्यांनी केलं, त्यांना विकता येत नाही."

गाडी राहिली. मला इतका आनंद झाला की त्यातला अपमान मी बराच वेळ लक्षातच घेतला नाही.

आता गाडी बायको लॅबला घेऊन जाते आणि मी बसनं ऑफिसला. माझी तक्रार नाही. पण गाडीत आपलाही काही वाटा असावा, असा माझा निर्धार आहेच. म्हणून रोज सकाळी ती गाडी काढते तेव्हा मी आधीच खाली जाऊन गाडीच्या मागे उभा राहतो आणि दोन्ही हात हलवत मोठ्यानं दिशा देतो, "येऊ दे... येऊ दे... आणखी येऊ दे..."

परवा तिनं गाडी थांबवली. मला वाटलं, काहीतरी कौतुकाचं बोलणार. तिनं काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "अहो, जरा बाजूला व्हा ना, तुमच्यामुळे मागचं काही दिसत नाही."